वाढतं वजन

माझ्या वडिलांनी मला एकोणीस वर्षं रोज सकाळी सहाला डोक्यावर उचललं. लाडाने नव्हे, व्यायाम म्हणून. पोरीला डोक्यावर बसवून ठेवलंय, असं लोक नुसतं म्हणतात. आमच्याकडे ते खरोखर चालायचं, आणि मला त्याचा मनापासून राग यायचा.

घराच्या तळमजल्यावर त्यांची व्यायामशाळा होती. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. छाती, खांदे, दंड जुन्या पद्धतीनेच तयार करायचे, हा त्यांचा हट्ट. छताला बांधलेला जाड दोर नुसत्या हातांनी चढायचा, पाय लावायचे नाहीत. वाळूचं पोतं छातीशी धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायचं. लाकडी मुद्गल फिरवायचे, विटांवर हात टेकून जोर काढायचे. यंत्र नावाला एक नाही. कोणी यंत्राचा विषय काढलाच तर विचारायचे, "यंत्र तुझी सेवा करणार की तू यंत्राची?" आणि वर त्याला पन्नास जोर जास्तीचे.

पण त्यांची खरी श्रद्धा होती वाढत्या वजनावर. "लोखंड आज जेवढं, उद्या तेवढंच. माणसाला असं वजन हवं की ते रोज वाढेल, आणि हातांना पत्ता लागणार नाही इतकं थोडं वाढेल." असं वजन बाजारात मिळत नाही. मग मी जन्मले. दोन किलो आठशे ग्रॅम. आई सांगते, पहिल्यांदा लेकराला हातात घेताना बाप रडतात, हे मला तोलून बघत होते.

दहा वेळा वर, आणि दहाव्यांदा बारा अंक मोजेपर्यंत वरच. माझ्या बरगड्यांखाली त्यांचे दोन अंगठे, पाठीला आठ बोटं. मला ताप असो, माझी परीक्षा असो, एक दिवस चुकला नाही. शिकायला येणाऱ्यांना ते एक नियम घोकून घ्यायला लावायचे: उचललेलं वजन आपल्या हातांनी, नीट, खाली ठेवलं की मगच ते उचलणं पुरं झालं. दाणकन टाकलं तर ते मोजणीत धरतच नसत.

एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी मैत्रिणी मला न्यायला आल्या होत्या. व्यायामशाळेत वीसेक माणसं. "थांबा पोरींनो, आमचं व्हायचंय अजून," असं म्हणून बाबांनी मला उचललं. मी वर, अठ्ठावन्न किलो, आणि खाली सगळे माना वर करून बघतायत. कोणीतरी खुदकन हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय वाळूचं पोतं आहे का?" म्हणत मी वरूनच उडी मारली. गुडघा फुटला तो फुटलाच. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी नोकरी धरली आणि घर सोडलं.

नोकरी कसली, तर पार्सलच्या गोदामात वजनकाट्यावर. हसा खुशाल, मलाही हसू आलं होतं. पाळी पावणेसहाला सुरू व्हायची. आधी काटा शून्यावर आणायचा, मग स्वतः उभं राहून तपासायचा, कारण स्वतःचं वजन आपल्याला पाठ असतं. पहिल्याच आठवड्यात, सहाच्या ठोक्याला मी काट्यावर उभी होते. आकडा अठ्ठावन्नवरून घसरत शून्यावर आला. पुन्हा अठ्ठावन्न, पुन्हा शून्य. दहा वेळा. पाय काट्यावरच टेकलेले होते, आणि बरगड्यांखाली दोन जागी कोणीतरी दाबत होतं. दहाव्यांदा शून्य बराच वेळ तसंच राहिलं. मी मनात मोजलं, बारा भरले.

दुरुस्तीवाला आला. काटा उघडला, पुसला, परत बसवला. "काटा ठणठणीत आहे बाई," तो म्हणाला, "तुम्हीच स्वतःला तपासून घ्या." तेव्हापासून सहा वाजता मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायला लागले. सांगायचं तरी कोणाला? अशी अकरा वर्षं गेली. मधे दोन-तीनदा घरी जाऊन आले, पण दुपारची. सहा वाजता त्या घरात राहायची माझी छाती होत नव्हती.

मग आईचा फोन आला.

"अगं, ह्यांच्या छातीत कळ येऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आणि हे सकाळी सहाला खाली जातात आणि हात वर करतात."

"नुसते?"

"हातात काही म्हणजे काही नसतं. पण खांद्याच्या शिरा तट्ट फुगतात, घामाने निथळतात. असंच चाललं तर महिना काढणार नाहीत म्हणाले डॉक्टर. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू ये, तुझं ऐकतील."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"मग भांडायला ये. पण ये."

गेले. बाबा खुर्चीत बसले होते. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लटकत होता. एवढा मोठा माणूस, ह्याच्या सावलीत आमचं अख्खं घर मावायचं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते.

"बाबा, हे बंद करायचं. उद्यापासून."

"तुला खाली ठेवल्याशिवाय?"

"मी ही काय तुमच्यासमोर जमिनीवर उभी आहे."

"तू उडी मारलीस," ते शांतपणे म्हणाले. "मी ठेवलं नव्हतं."

"मग द्या सोडून."

"वरून?"

मग त्यांनीच विचारलं, "तीन वर्षांमागे पावसाळ्यात तू एकदम सहा किलो उतरली होतीस. काय झालं होतं गं?"

टायफॉइड झाला होता. आई काळजी करेल म्हणून मी घरी कोणाला कळवलं नव्हतं.

"कामाचा ताण होता," मी म्हणाले.

"ताणाने एवढं उतरत नाही," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून बसले. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

सकाळी मी त्यांच्या आधी व्यायामशाळेत जाऊन बसले. ते आले की त्यांना धरूनच ठेवायचं, एवढंच ठरवलं होतं. पण ते भिंतीला धरत जिना उतरले, मधोमध उभे राहिले, पायांत खांद्याएवढं अंतर घेतलं, आणि मला जागचं हलताच येईना. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती.

सहा वाजले. ते माझ्यापासून चार पावलांवर, हात रिकामे. माझ्या बरगड्यांखाली अंगठे रुतले आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. गोदामात कधी सुटले नव्हते. इथे मी पार दोराच्या गाठीपर्यंत वर गेले आणि वरून मला बाबांच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. आईने तोंडावर हात दाबून धरला होता. ओरडली मात्र नाही. तिने हे किती सकाळी बघितलं असेल, कोण जाणे.

"बाबा, खाली ठेवा."

"दहा व्हायचेत."

"दहा गेले खड्ड्यात."

त्यांचे ओठ निळे पडले होते. पहिलं उचलणं संपून हात खाली आले, माझे पाय जमिनीला लागले, आणि मी धावले. त्यांच्या बरगड्यांखाली अंगठे रोवले आणि त्यांनाच वर उचललं. अकरा वर्षं पार्सलं उचललेले हात होते माझे, आणि मुळात त्यांच्याच घडणीचे. जेमतेम चव्वेचाळीस किलो भरले ते. वाटलं, आता थांबतील. छे! त्यांनी वरूनच दुसरं उचलणं सुरू केलं, आणि त्यांना धरलेली मी तशीच्या तशी जमिनीवरून सुटले.

आम्ही दोघंही वर होतो. खालून आम्हाला धरणारं कोणी नव्हतं. कुठे कसला आवाज नव्हता, फक्त त्यांच्या छातीत घरघरत होतं.

"कोपर आत घे," ते मला म्हणाले. "खांद्यावर भार नको, पाठीवर घे."

"बाबा, एकदा तरी माझं ऐका. दहा नकोत. दोनावर ठेवा मला."

"तू परत उडी मारशील."

"नाही मारणार. खरंच नाही मारणार."

मग त्यांनी मला ठेवलं. झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तसं, आधी बोटं, मग टाचा. माझं सगळं वजन माझ्या अंगात उतरलं. मी इतकी जड आहे, हे मला माहीतच नव्हतं. बरगड्यांखालचे अंगठे निघाले आणि तिथे गार वाटलं.

"झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांची मान कलली.

आई धावत आली. "दे इकडे, दे," करत तिने त्यांना माझ्या हातांतून ओढून घेतलं आणि छातीशी धरून बाकावर निजवलं. डॉक्टर आले, इंजेक्शन झालं. वाचले. दुसऱ्या दिवशी आठ वाजेपर्यंत झोपले होते. आई मला म्हणाली, लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्यांना सकाळी झोपलेलं आज पहिल्यांदा बघतेय. आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना.

तिसऱ्या दिवशी मी कामावर परतले. सहा वाजता सवयीने टेबलाची कड धरून बसले. कोणी उचललं नाही. इतकं हायसं वाटलं, आणि इतकं पोरकं. तेवढ्यात मी उठून उभी राहिले, माझे हात टेबलावरून सुटले आणि आपोआप वर जायला लागले. हातांत चव्वेचाळीस किलो होते. दंड भरून आले, कपाळाला घाम फुटला. तिथे हात वर करून उभी असताना माझ्या लक्षात आलं, मी त्यांना खाली ठेवलंच नव्हतं. आईने घेतलं होतं.

बसने पाच तासांची वाट आहे. जाऊन एकदा नीट ठेवलं की संपेल, हे मला कळतं. आई दर फोनला म्हणते, ये की चार दिवस, तेही वाट बघतायत. मी काहीबाही कारण सांगते. खरं कारण असं की, खाली ठेवलं की माझ्या हातांत त्यांचं काही उरणार नाही. मला ते ठेववत नाही.

कालच आई सांगत होती, तब्येत छान सुधारतेय, पोटभर जेवतात, शेजाऱ्याची चेष्टासुद्धा केली. मी हो हो म्हणाले. आज सकाळी माझ्या हातांत ते एकतीसच भरले.