डब्यातल्या बाई

"मेलंय हे," असं म्हणत नवऱ्याने ते यंत्र कानाशी धरून हलवलं. "सेल काढून पुन्हा घातले, उलटसुलट करून पाहिले. कुठलंही बटण दाबा, ढिम्म."

"हलवू नका हो. घड्याळ आहे का ते? शाळेचं आहे, आपलं नाही."

"शाळेचं आहे म्हणूनच मेलेलं आहे."

बाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलं. चष्म्याच्या डबीएवढं काळं यंत्र. वरच्या टोकाला माईकच्या दोन बारीक जाळ्या, मध्ये छोटी काच, खाली बटणं. बाईंनी लाल ठिपक्याचं बटण दाबलं. काचेत क्षणभर एक चित्र उमटलं आणि विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"अहो, हे कुलूप दिसतंय."

"कुठे?"

"काचेत. आयुष्यभर लोकांची कुलुपं उघडलीत ना? आता हे उघडा."

नवऱ्याचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान होतं. हल्लीच त्याने ते बंद केलं होतं. त्याने भिंग आणलं, यंत्राच्या चारी बाजू तपासल्या आणि कडेला असलेली तांदळाच्या दाण्याएवढी खिट्टी नखाने खाली ओढली. काच उजळली.

"याला काय कुलूप म्हणायचं?" तो नाराज होऊन म्हणाला. "किल्ली नाही, काही नाही."

कुलूप उघडलं तसं यंत्र प्रश्न विचारू लागलं. आधी तारीख विचारली. बाईंनी आजची तारीख घातली, तर ते जागचं हलेना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की त्याला आधी महिना हवा होता, आणि बाई त्याला तेविसावा महिना सांगत होत्या. मग आवाज मोठा भरायचा की लहान, कुठल्या कप्प्यात ठेवायचा, असं एकामागून एक. सगळं इंग्रजीत. नवरा माहितीपत्रक भिंगाखाली धरून वाचत होता आणि दर ओळीला "बरं बरं" म्हणत होता. म्हणजे त्याला काही कळत नव्हतं.

"आता आवाजाचं काहीतरी विचारतंय. आवाजावर चालू, हो की नाही?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे काय? आवाजच भरायचाय ना? मग हो म्हण."

बाईंनी हो म्हटलं.

दृष्टिहीन मुलांच्या शाळेत बाई वाचून दाखवायच्या. तेवढंच त्यांचं काम. शाळेत सगळीच पुस्तकं ब्रेलमध्ये नसतात, नवी तर नसतातच. ती बाईंनी मोठ्याने वाचायची, मुलांनी ऐकायची, हवं ते टोचणीने कागदावर टोचून ब्रेलमध्ये लिहून घ्यायचं. त्यांना शिक्षिकेचा हुद्दा नव्हता, पण मुलांना हुद्दा दिसत नाही. ती त्यांना बाईच म्हणायची.

आता बाई निघाल्या होत्या. मुलगी दूरच्या शहरात होती, तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. जावई दिवसभर कामावर. बाईंना जायलाच हवं होतं, आणि एकदा गेल्यावर नवराबायकोंनी तिथेच राहायचं ठरलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या होत्या, "जा तुम्ही. दुसरं कोणी मिळेपर्यंत राहिलेले धडे तेवढे यात वाचून ठेवा." दुसरं कोणी मिळणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून तर देणगीतून आलेलं हे यंत्र कपाटातून बाहेर निघालं होतं.

धडे वाचायला काही कठीण नव्हते. पण बाईंना एक काळजी लागून राहिली होती. आपली मुलं नुसती ऐकत नाहीत, ती विचारतात. दोन वाक्यं झाली की कोणीतरी अडवतं, मग बोलणं होतं, मग पुढचं वाक्य. यंत्राला कसं अडवायचं? मुलं गप्प ऐकत बसतील, गप्प बसायची सवय लागेल, आणि एकदा ती सवय लागली की ती कोण मोडणार?

यावर बाईंनी स्वतःच तोड काढली होती. मुलं कुठे अडवतात हे त्यांना साधारण ठाऊक होतं. त्या तिथे थांबणार होत्या. मुलांना विचारायला, आपसात बोलायला जागा ठेवणार होत्या आणि मगच पुढे जाणार होत्या.

पहिलाच धडा होता ऊन आणि सावली. बाईंनी पंखा बंद केला, नवऱ्याला खुणेने बसवलं, लाल बटण दाबलं. दिवा लागला.

"उन्हाच्या वाटेत एखादी वस्तू आली, की तिच्यामागे सावली पडते," बाईंनी वाचलं आणि त्या थांबल्या. समोर भिंत होती. भिंतीकडे बघत त्यांनी मान डोलावली, जणू कोणी काही विचारत होतं. मग म्हणाल्या, "पडते म्हणजे वरून खाली पडत नाही हं. पडून आवाज होत नाही. आपण भिंतीला हात लावून पाहिला होता ना? जिथे भिंत तापलेली नव्हती, तिथे सावली होती."

नवरा तोंडाला हात लावून हसू दाबत होता.

धडा संपल्यावर त्यांनी भरलेलं पहिल्यापासून लावून ऐकायला घेतलं. बाईंचा आवाज आला, पण काहीतरी बिनसलं होतं. "तिच्यामागे सावली पडते पडते म्हणजे वरून खाली पडत नाही हं," असं ते एका दमात निघालं. पुढेही तसंच. वाक्य संपायच्या आत उत्तर, उत्तर संपायच्या आत पुढचं वाक्य.

"अगं, तू श्वास तरी कधी घेतलास?" नवरा म्हणाला.

"मी थांबले होते. तुम्ही बघत होतात."

"थांबली होतीस खरी."

"मग कुठे गेलं ते थांबणं?"

"मला काय विचारतेस? ऐकल्यावर असं वाटतंय, की कोणी स्वतःशीच भांडतंय. उत्तरं आहेत, प्रश्नच नाहीत."

बाई गोंधळल्या. आपल्याला वाटतं आपण थांबलो, पण थांबत नसू तर? वय झालं की असं होतं म्हणतात. इतकी वर्षं वर्गातही असंच धावत वाचत होतो की काय? त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी मुद्दाम जास्त थांबत. थांबल्या की लाल दिवा मिचमिचायचा, बोलल्या की स्थिर व्हायचा. त्यांना वाटलं, ते आपल्याला चल, आटप म्हणतंय. पुन्हा ऐकलं. पुन्हा तीच धावपळ.

"मला नाही जमत," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाईंना सांगते, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

नवरा उठून पाणी घ्यायला गेला. येताना पेल्यात साखर आणि लिंबू घालून आणलं, बायकोसमोर ठेवलं आणि ढवळू लागला. "घे. आणि एकदा शेवटचं वाच. मी इथेच बसतो."

बाईंनी वाचलं, थांबल्या, वाचलं, थांबल्या. नवरा विसरून पेला ढवळतच राहिला. बाईंनी डोळे वटारले तेव्हा थांबला.

ऐकताना दोघंही एकदम पुढे झुकले. सुरुवातीला पहिल्या वाक्यानंतर जागा होती. बाईंनी ठेवली होती तेवढी, अख्खी. आणि त्या जागेत चमचा किणकिणत होता. डोळे वटारल्यानंतरच्या सगळ्या जागा मात्र गेल्या होत्या.

"आलं लक्षात," नवरा हळूच म्हणाला. "आपण गप्प बसलो की हे झोपतं. आवाज आला की उठतं."

"मग ते माहितीपत्रकात बघा ना, याची झोप कशी उडवायची."

"बघितलं. कळलं नाही. चमचा कळला."

असे ते धडे भरले गेले. रोज दुपारी बाई वाचायच्या आणि थांबायच्या, की नवरा पेल्यात चमचा फिरवायचा. वेगात नाही, संथ, ठरावीक. दोघांनी एकमेकांकडे बघायचंही सोडलं, कारण बघितलं की हसू यायचं. जागा संपली की बाई चमच्यावर हात ठेवायच्या आणि सवयीप्रमाणे म्हणायच्या, "बरोबर. आता पुढे." वर्गात त्या नेहमीच असं म्हणायच्या. एखादं मूल चुकलं, तर आधी त्याची चूक सुधारून मग म्हणायच्या. पण म्हणायच्या.

शेवटच्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या, "आज यंत्रच लावू या वर्गात. तुम्ही मागे बसा, पण बोलायचं नाही. तुमच्याशिवाय मुलांना जमतंय का, ते मला बघू दे. नाही जमलं तर आजच काही करता येईल. तुम्ही गेल्यावर काय करणार?"

हे बाईंना पटलं. त्यांनी मुलांना स्वतःच सांगितलं, की मी मागे खुर्चीवर आहे, पण आज मुकी आहे. मुलं हसली. मोठ्या बाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं, ते एका स्पीकरला जोडलं आणि बटण दाबलं.

"ऊन आणि सावली," बाईंचा आवाज पुढून आला.

वर्गातली डोकी पुढे वळली, मग मागे, मग पुन्हा पुढे.

"दोन बाई," कोणीतरी म्हणालं.

"एकच आहेत. एक डब्यातल्या आहेत."

"मग खऱ्या कुठल्या?"

"मागच्या. त्यांची खुर्ची करकरली आत्ता."

"उन्हाच्या वाटेत एखादी वस्तू आली, की तिच्यामागे सावली पडते," डब्यातल्या बाई म्हणाल्या आणि चमचा किणकिणू लागला.

"बाई सरबत घेतायत," पुढच्या बाकावरून कुजबुज आली. "थांबा, होऊ दे त्यांचं."

सगळ्यांनी शहाण्यासारखं त्यांचं होऊ दिलं. कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या जागेतही तेच. मोठ्या बाईंनी मागे वळून बाईंकडे पाहिलं. इतके दिवस बाई ज्यासाठी खपल्या होत्या, ती जागा मुलं अदबीने रिकामी ठेवत होती.

तिसऱ्यांदा चमचा वाजू लागला, तशी एक मुलगी उठून उभी राहिली. तिला सगळे कावळी म्हणत, कारण तिचं सारखं 'का? का?' चाललेलं असायचं. ती राहवत नाही म्हणून उठली होती आणि उठल्यावर कुठे तोंड करावं ते तिला कळेना.

"मोठ्या बाई, कुठल्या बाईंना विचारायचं?"

"डब्यातल्यांना विचार," मोठ्या बाई म्हणाल्या.

कावळी टेबलाकडे वळली. "बाई, सावलीला वजन असतं का?"

मागच्या खुर्चीवर बाई चमकल्या. हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. सावली पकडता येते का, खिशात घालता येते का, रात्री कुठे जाते, हे सगळं त्यांनी गृहीत धरलं होतं. वजनाचं त्यांच्या मनात आलंच नव्हतं. पुढून चमचा शांतपणे फिरत होता.

"असतं," खिडकीजवळचा मुलगा म्हणाला. त्याला पंडित म्हणत. तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या आधी द्यायचा आणि ते हटकून चुकायचं. मुलं आधीच हसायला लागली.

"कशावरून?" कावळीने विचारलं.

"उन्हात माझ्यासमोर कोणी उभं राहिलं की मला कळतं. अंगावर काहीतरी येतं. म्हणजे असतं. पण थोडं."

बाई उठल्या. त्यांच्या ओठांवर वाक्य आलंसुद्धा होतं: नाही रे बाळा, ते वजन नव्हे, तिथे ऊन पोचत नाही एवढंच. मोठ्या बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

चमचा थांबला.

"बरोबर," डब्यातल्या बाई म्हणाल्या. "आता पुढे."

वर्गात कोणी हसलं नाही. पंडितचं तोंड उघडंच राहिलं. मग शेजारच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, मागच्याने मारली, आणि कोणीतरी म्हणालं, "पंड्या, बरोबर म्हणाल्या."

"ऐकलं मी," पंडित म्हणाला. त्याने शर्टाची कॉलर चाचपली, नीट केली आणि पाठ ताठ करून बसला. इतका ताठ तो कधीच बसला नव्हता.

"काय गं, लिहून घेतेस ना?" त्याने कावळीला विचारलं.

"घेतेय."

मोठ्या बाईंनी वर केलेला हात आता खाली घेतला होता. बोलायचं तर बाई बोलू शकत होत्या. त्या उभ्याच होत्या. पुढे त्यांचाच आवाज सकाळच्या आणि दुपारच्या सावल्यांविषयी काही सांगत होता, आणि त्याच्याखालून कावळीच्या टोचणीचा आवाज येत होता, कागदात एकेक टिंब उमटवत जाणारा.

खुर्ची करकरू नये म्हणून बाई तिची पाठ धरून अगदी सावकाश खाली बसल्या.