कबर सत्तावीस, कोनाडा चौदा

/कबर/२७

"हो ब्लेझ हय काय करता?"

बर्नादेत मावशीने फोन रॉकच्या नाकासमोर धरला, इतका जवळ की रॉकला आधी तिचा अंगठाच दिसला. अंगठ्याच्या वर पांढऱ्या मिशीचा एक माणूस, गळ्यात मापाची टेप. ब्लेझ शिंपी. अर्ध्या गावाच्या पोरांची शाळेची चड्डी शिवलेला, सप्टेंबरात वारलेला.

"बस आधी मावशे. गुडघो नवो आसा तुझो."

"गुडघो ऱ्हवांदे. मी माझ्या झिलाचा पान उघडतंय आणि हो येता. काल सांजेक होच, आज सकाळी होच. ब्लेझ गेलो ता माका ठावक आसा, क्रिस्टीनान सांगल्यान. देव तेका सर्ग देव. पण माझ्या मेल्रॉयच्या पानार तेचा काय काम?"

रॉकच्या कानातल्या इयरफोनमध्ये पुण्याच्या ऑफिसातून अक्षया बोलत होती. "रॉक सर, ऐकू येतंय ना? तुम्ही म्यूटवर आहात." रॉकने टाइप केलं, दहा मिनिटं द्या, आणि इयरफोन काढून ठेवला. व्हरांड्यातली दुसरी खुर्ची त्याने मावशीसाठी ओढली. ती बसली, पण फोन खाली घेतला नाही.

"उद्या मेलेल्यांचो दीस," ती म्हणाली. "पाद्री कबरींर पाणी शिंपडतलो. मी सत्तावीस नंबरार मेणबत्ती पेटयतलंय आणि तेचा गाणा लावतलंय, दर वर्षासारख्या. त्याच्याआधी ह्या नीट कर."

/रॉक

रॉक फर्नांडिस, वय सत्तेचाळीस. पुण्याच्या एका कंपनीत बावीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची पाच मालवणच्या या व्हरांड्यातून. काम एकच. लोक आपल्या वेबसाइटची पानं इकडून तिकडे हलवतात आणि कुणाला सांगत नाहीत. मग जुन्या पत्त्यावर आलेला माणूस रिकाम्या भिंतीवर आपटतो. रॉक जुन्या पत्त्यावर पाटी लावतो: ते आता तिकडे राहतात. ऑफिसात त्याला 'वाट लावणारा रॉक' म्हणत, आणि तो हसत असे, कारण दुसरं कुठलं नाव त्याला पडलंच नव्हतं. बावीस वर्षांत त्याने नवीन असं काही बांधलं नाही.

एक सोडून. गावच्या कोपेलासाठी, म्हणजे छोट्या चर्चसाठी, त्याने आठ वर्षांपूर्वी एक साइट बांधली. माणूस गेला की महिन्याच्या मिसाला, त्याच्यासाठीच्या प्रार्थनेला, वाटतात त्या कार्डावर एक काळा-पांढरा चौकोन छापायचा. त्यावर फोन धरला की गेलेल्याचं पान उघडतं. फोटो, तारखा, असेल तर आवाज. पहिलं पान मेल्रॉयचं होतं. गल्फमधल्या टगबोटीवर एकतिसाव्या वर्षी त्याचं हृदय बंद पडलं आणि पेटी यायला एकोणीस दिवस लागले. पानावर त्याने सांत आंतोनच्या फेस्ताला, गावच्या सणाला, म्हटलेलं गाणं आहे, एक मिनिट अकरा सेकंद. शेवटी तो ओळ विसरतो आणि हसतो.

पत्ते रॉकने कबरीच्या नंबरावरून दिले. गावात तसंच बोलतात ना: सत्तावीस नंबरातलो मेल्रॉय, नऊ नंबरातली हौशी सायमीण. दफनभूमी एवढीशी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रस्ता, मध्ये बेचाळीस जागा. वाढायला जागा नाही, म्हणून सात-आठ वर्षांनी पाळी येते. कबरी खणणारा लवू ती कबर उघडतो, हाडं चिऱ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवतात, आणि जागा नव्या माणसाला मिळते. हे रॉकला लहानपणापासून माहीत होतं. पत्ते देताना त्याच्या डोक्यात आलं नाही. बाहेरगावच्या कुणी साइट बांधली असती तर माणसाच्या नावाने पत्ते दिले असते.

/कबर/२७ → /कोनाडा/१४

सप्टेंबरात पाळी सत्ताविसाची होती. मावशी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हापशाला मुलीकडे, क्रिस्टीनाकडे होती. फादरनी क्रिस्टीनाला फोन करून परवानगी घेतली. क्रिस्टीना रॉकला म्हणाली, "मम्मीक मी सांगतंय. तू नको सांगू." मेल्रॉय कोनाडा चौदामध्ये गेला, ब्लेझ त्याच्या जागी आला.

रॉकने त्याच संध्याकाळी जुन्या पत्त्यावर पाटी लावली. पाट्या दोन जातीच्या असतात. एक 'तात्पुरतं हललंय', नंबर ३०२. दुसरी 'कायमचं हललंय', नंबर ३०१. हाडं परत थोडीच येणार होती? त्याने कायमची लावली.

महिन्याच्या मिसाला ब्लेझची बायको फ्लाव्हिया हिने नव्या कार्डावर फोन धरला, आणि नवऱ्याच्या जागी मेल्रॉय गायला लागला. भर कोपेलात. फ्लाव्हिया रॉकला फक्त एवढंच म्हणाली, "हयसर तरी तेका तेची जागा दी रे." रॉकने पाटी काढली. तरी तीन घरांत मेल्रॉयच येत राहिला, कारण कायमची पाटी एकदा वाचली की फोन ती लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तो दारावर जाऊन विचारतच नाही, सरळ नव्या ठिकाणी जातो. रॉकने तिन्ही घरी जाऊन फोनची आठवण पुसली. चौथा फोन म्हापशात होता. तो त्याच्या डोक्यातून सुटला.

/कबर/२७

"कधीपासून असा येता?" त्याने विचारलं. हा प्रश्न तो रोज दहा जणांना विचारी.

"कालपासून."

"काल काय केल्लंस फोनाचा?"

"मी काय करतलंय? क्रिस्टीनान केल्यान. गुड मॉर्निंगचे गुलाब येऊन येऊन फोन भरलो. माका गाडीत बसवच्याआधी तिणा सगळा पुसून काढल्यान."

रॉकने फोन हातात घेतला. म्हणजे सगळ्यांच्या फोनमध्ये ब्लेझ होता, तेव्हा एकट्या बर्नादेत मावशीचा फोन गेले तीन आठवडे तिला रोज सकाळी कोनाडा चौदावर नेत होता. फोटो तोच, गाणं तेच. वरचा बारीक नंबर ती वाचत नाही. काल आठवण पुसली गेली आणि फोन पुन्हा मूळ दारावर जाऊन विचारू लागला. दाराने खरं ते सांगितलं.

"बिघडलो काय?"

"नाय," रॉक म्हणाला. मग म्हणाला, "बघतंय."

/मम्मीला-कोण-सांगणार

हे पान सापडलं नाही.

/स्वयंपाकघर

पाणी आणतो म्हणून तो आत गेला आणि क्रिस्टीनाला फोन लावला.

"तू सांगलंस नाय?"

"कसा सांगू रे? ऑपरेशन, मगे शुगर वाढली. रोज म्हणी, फाल्या सांगतंय. गुडघो बरो झाल्यार मेल्रॉयक भेटाक जातलंय म्हणान ती चालाक शिकली, ठावक आसा तुका?"

"उद्या ती थंय उभी ऱ्हवतली क्रिस्टीना. ब्लेझच्या नावाच्या खुरसासमोर."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "तूच सांग," ती म्हणाली. "माझ्यान जावचा नाय."

त्याच्याकडे सोपा उपाय होता. दोन मिनिटांचं काम.

/व्हरांडा

त्याने ते केलंही. फोनच्या पडद्यावर मेल्रॉयच्या फोटोचं एक बटण होतं, जुनं, सत्ताविसाचं. त्याच्या शेजारी त्याने दुसरं ठेवलं, तसंच दिसणारं, चौदाचं. ते दाबलं. मेल्रॉय गायला लागला.

मावशीने डोळे मिटले. एक मिनिट अकरा सेकंद. मुलगा ओळ विसरला, हसला.

"झाला," रॉक म्हणाला. "आतां ह्या दाब. जुना काढून टाकू?"

"थांब." तिने डोळे उघडले. "आणि ह्या दाबल्यार ब्लेझ येता?"

"हां."

"कित्याक?"

रॉकने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला.

"रॉका, मी शिकलंय नाय, पण येडी नाय. ता पान सत्ताविसाचा. तूच माका सांगलेलंस, नंबर तोच पत्तो. ब्लेझाक खंय पुरलो?"

रस्त्यावरून मासळीचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला. तो दूर जाईपर्यंत रॉक थांबला. तेवढंच थांबता आलं.

"सत्ताविसात," तो म्हणाला. "पाळी इली मावशे. मेल्रॉय भिंतीत आसा. चौदा नंबर. फोन बरोबर सांगता."

फोन तिने पदराने पुसला, पुढून, मग मागून.

"कोणी काढली?"

"लवून. मी होतंय थंय. फादर होते."

"धुतली?"

"नारळाच्या पाण्यान. मगे सफेद कपड्यात बांधली."

"सगळी?"

"सगळी."

"तेच्या डाव्या हातात सळी होती. काजीच्या झाडावरसून पडललो तेव्हा घातलली. सातवीत." ती रॉककडे बघत नव्हती. "ती लोखंडाची म्हणान लवून टाकल्यान नाय मा खंय?"

"नाय. मीच ठेवलंय. हाताच्या हाडाबरोबर, कपड्यात. तेची आसा म्हणान."

मावशीने मान हलवली. मग पेला उचलून सगळं पाणी प्यायली.

"क्रिस्टीनाक सांग, माका राग नाय," ती उठता उठता म्हणाली. "नाय, ऱ्हवांदे. आसा राग. मीच सांगतंय तिका." पायरीवर ती थांबली. "जुना काढू नको."

/कबर/२७

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला दफनभूमी माणसांनी भरली. वारा समुद्राकडून, त्यामुळे सगळे पाठमोरे वाकून मेणबत्त्या पेटवत होते. फ्लाव्हिया नव्या खुरसापाशी, ब्लेझच्या क्रुसापाशी, तिच्या दोन जावांसह उभी होती. मावशीला काठी टेकत येताना पाहून तिने जावेचा हात धरला. रॉक भिंतीजवळ होता. त्याला वाटलं पुढे व्हावं. तो झाला नाही.

मावशी सवयीने सत्ताविसापाशी आली, पायाशी उभी राहिली. पिशवीतून दोन मेणबत्त्या काढल्या. एक ब्लेझच्या खुरसासमोर वाळूत रोवली. वाऱ्याने ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा फ्लाव्हियाने ओंजळीचा आडोसा केला.

"फ्लाव्हिया."

"काय गो मावशे?"

"ह्या कोपऱ्यात पावसात पाणी साचता." काठीने तिने जागा दाखवली. "मी दर मे म्हयन्यात एक चिरो लावी हयसर. औंदा ऱ्हवलो. तू लाव. नायतर पाण्यान वाळू खचता आणि खुरीस कलता."

"लावतंय."

"आणि माडाची झावळां पडतत, ती सोमवारी लवू उचलता. तेका सांगूक लागता, आपणहून उचलणा नाय तो."

फ्लाव्हियाने मान डोलावली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ती नवऱ्याने शिवलेल्या ब्लाऊजच्या बाहीचा काठ चाचपत राहिली. "मेल्रॉयच्या लग्नाचो कोट तेणांच मापलेलो," ती शेवटी म्हणाली. "शिवूचो ऱ्हवलो."

"माका ठावक आसा," मावशी म्हणाली.

मग ती वळली. सत्ताविसापासून भिंतीपर्यंत चाळीस पावलं. रॉकने हात पुढे केला, तिने घेतला नाही. नव्या गुडघ्याने दोन मिनिटं लागली. कोनाडा चौदा तिच्या डोक्याच्या वर होता, म्हणून मेणबत्ती मात्र तिने रॉकच्या हातात दिली. फोनवरचं बटण तिने स्वतः दाबलं.

/बदल

घरी आल्यावर रॉकने प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा पत्ता दिला. बेचाळीस कबरी, एकोणीस कोनाडे. जुने नंबरही चालू ठेवले, कारण ते लोकांच्या प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेवलेल्या कार्डांवर छापलेले आहेत. सत्ताविसावर ब्लेझ आहे. त्याच्या खाली एक ओळ आहे, फ्लाव्हियाने निघताना सांगितलेली: *हयसर आधी मेल्रॉय होतो. आता कोनाडो चौदा.* 'बारीक अक्षरात घाल,' ती म्हणाली होती. रॉकने ब्लेझच्या नावाएवढ्याच अक्षरात घातली. अजून तरी तिने तक्रार केलेली नाही.

मावशीचा फोन जुना, त्या बनावटीचा गावात दुसरा नाही. सर्व्हरच्या नोंदीत तो ओळखू येतो.

३ नोव्हेंबर, ६.४०, /कबर/२७
३ नोव्हेंबर, ६.४२, /कोनाडा/१४
४ नोव्हेंबर, ६.४०, /कबर/२७
४ नोव्हेंबर, ६.४२, /कोनाडा/१४
५ नोव्हेंबर, ६.४१, /कबर/२७
५ नोव्हेंबर, ६.४३, /कोनाडा/१४