नातवाचा झेल

स्लावा क्रीक विरुद्ध केटलर हा दोन गावांच्या शाळांमधला सामना सुरू व्हायची वेळ झाली, तेव्हा कुठे लक्षात आलं की पाच पंचांपैकी चारच आलेत. पाचव्याच्या बायकोने फोनवर कळवलं की त्याची कंबर धरली आहे. कुणालाही नवल वाटलं नाही. मागच्या शुक्रवारी त्याने एक झेल नाकारला होता आणि सामन्यानंतर एका आजीबाईंनी त्याला थेट गाडीपर्यंत छत्रीने ढोसत नेलं होतं. अमेरिकेतल्या नेब्रास्कात हल्ली हायस्कूल फुटबॉलला पंच मिळत नाहीत. हाताने खेळायच्या खेळाला फुटबॉल म्हणणाऱ्या माणसांना भर थंडीत नियम समजावायचे आणि त्याबद्दल आईबापांचा उद्धार करून घ्यायचा, याची हौस असलेले लोक एकेक करून संपत चालले आहेत.

मुख्य पंच पेनर, पेशाने दातांचे डॉक्टर, वर जाऊन फादर कुचेरांना भेटले. फादर रविवारी चर्चमध्ये बोलत आणि शुक्रवारी मैदानाच्या लाउडस्पीकरवर. शुक्रवारी त्यांना गर्दी जास्त असे.

‘‘प्रेक्षकांत कुणाकडे पंचाचा परवाना असेल तर त्याने खाली यावं,’’ फादरनी जाहीर केलं. ‘‘दृष्टी असल्यास उत्तम, नसली तरी आम्हाला सवय आहे.’’

लुमिर वोंड्रा त्या वेळी चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाटीत दालचिनीचा गोड रोल बुडवत होता. गारपिटीने झालेल्या नुकसानीची विमा कंपनीसाठी पाहणी करण्यात त्याचा जन्म गेला होता. शेतकऱ्याने ‘सगळा मका गेला’ म्हणायचं आणि लुमिरने शेतात वाकून ‘निम्मा गेला’ म्हणायचं. याच आवडीपोटी तो तीस वर्षं दूरदूरच्या गावांत पंचगिरीही करत आला होता. स्वतःच्या गावच्या सामन्यात मात्र नियमाप्रमाणे कधीच नाही. त्यात यंदा त्याचा नातू कोल्टन संघात होता.

‘‘उठू नकोस,’’ त्याची बायको आर्डिथ म्हणाली. ‘‘पोरगा खेळतोय.’’

‘‘मी पक्षपात करीन असं वाटतं तुला?’’

‘‘नाही रे बाबा. करणार नाहीस, हीच तर भीती आहे.’’

तिची भीती अनुभवाची होती. चर्चच्या जत्रेत ॲपल पाय भाजायच्या स्पर्धेला लुमिर परीक्षक होता, तेव्हा त्याने आर्डिथला तिसरा क्रमांक दिला होता. स्पर्धेत तिघीजणी होत्या.

नातं असलेला पंच घ्यायचा तर दोन्ही प्रशिक्षकांची संमती हवी. स्लावा क्रीकच्या प्रशिक्षकाने प्रश्न पुरा व्हायच्या आतच मान हलवली. केटलरच्या हाबरमनने मात्र लुमिरला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं, जरा विचार केला आणि म्हणाला, ‘‘चालेल. वोंड्राइतका सरळ माणूस या जिल्ह्यात दुसरा नाही.’’

लुमिरची मान ताठ झाली. पंचाचा उसना पट्ट्यापट्ट्यांचा सदरा पोटावर ताणून बसवत तो बाजूच्या रेषेवर जाऊन उभा राहिला.

पुढचे दोन तास स्लावा क्रीकने जे पाहिलं, ते गावात याआधी कुणी पाहिलं नव्हतं. कोल्टन चेंडू निघण्याच्या जरा आधी हलला. लुमिरने नियम मोडल्याची खूण म्हणून पिवळं फडकं टाकलं. कोल्टनने कुणाला तरी धरलं. फडकं. कोल्टनचा सदरा खोचलेला नव्हता, म्हणून लुमिरने त्याला एका डावासाठी बाहेर काढलं.

‘‘अरे म्हाताऱ्या, पोरगं तुझंच आहे ना?’’ वरून कुणी ओरडलं.

‘‘दत्तक द्यायचं असेल तर आम्ही घेतो!’’ दुसरा ओरडला.

हाबरमन लुमिरच्या मागेच उभा होता आणि सबंध सामन्यात एकदाही खेकसला नाही. हे विचित्र होतं. प्रशिक्षक पंचावर खेकसला नाही तर तो आजारी आहे असं समजायची पद्धत आहे. उलट तो मधूनमधून ‘‘वा, लुमिर’’ म्हणत होता, आणि लुमिरला ते ऐकायला बरं वाटत होतं.

शेवटचा डाव आला. स्लावा क्रीक पाच गुणांनी मागे. आता एंडझोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, चेंडू झेलून टचडाउन केलं तर सहा गुण आणि सामना खिशात, नाहीतर बसा पुढच्या वर्षाची वाट बघत. चेंडू उंच उडाला आणि एंडझोनच्या कोपऱ्याकडे, म्हणजे नेमका लुमिरच्या समोर आला. केटलरचा एक पोरगा पाठीवर लोंबकळत असताना कोल्टनने उडी मारली, दोन्ही हातांत चेंडू घट्ट धरला, डाव्या बुटाचं टोक रेषेच्या आतल्या गवतावर टेकवलं आणि मग तो बाहेर जाऊन शाळेच्या बँडच्या मोठ्या ढोलात शिरला. ढोल फाटला. चेंडू हातातच राहिला.

लुमिरने हे सगळं स्वच्छ पाहिलं. पण त्याआधीच त्याचे हात आडवे होऊन ‘झेल नाही’ अशी खूण करून मोकळे झाले होते. तीस वर्षांची शिस्त अंगात भिनली होती. डोळ्यांना विचारायची गरज हातांना वाटली नाही.

गाव उठून उभं राहिलं.

‘‘दोन पाय लागतात! एकच होता!’’ केटलरवाले ओरडले.

‘‘दोन्ही होते!’’ स्लावा क्रीकवाले ओरडले.

दोन्ही गावं रविवारी टीव्हीवर व्यावसायिक सामने बघून शहाणी झालेली. हायस्कूलच्या नियमात एकच पाय पुरतो, हे त्या मैदानावर पाच जणांना ठाऊक होतं आणि त्यातल्या एकाने आत्ताच माती खाल्ली होती. एक आई फोनवरचं चित्रण नाचवत कठड्याशी आली. पंचांनी ते बघायचं नाही असा नियम आहे, म्हणून पेनरनी डोळ्यांवर हात धरला.

‘‘आपण सर्व जण क्षणभर प्रार्थना करू या,’’ लाउडस्पीकर म्हणाला. ‘‘विशेषतः नेत्रविकारांसाठी.’’

हाबरमनने मागून लुमिरच्या खांद्यावर थाप मारली. ‘‘शाब्बास, गड्या. म्हणून तर मी तुला होकार दिला. तू आपल्या माणसाला काही मिळू देणार नाहीस, मला खात्री होती.’’

लुमिरला एकदम गार पडल्यासारखं झालं. आपला सरळपणा या गृहस्थाने खेळाडूसारखा मैदानात उतरवला होता, आणि तो केटलरकडून खेळत होता.

आता गप्प बसलं तर जिल्ह्यातला सर्वांत सरळ माणूस म्हणून थडग्यावर नाव कोरलं जाईल. बोललं तर स्वतःचं गाव, शेवटचा डाव आणि सख्खा नातू. कोण विश्वास ठेवणार? आपण स्वतःही ठेवला नसता, हे त्याला प्रामाणिकपणे कबूल करावं लागलं. ढोलातून बाहेर निघालेला कोल्टन चेंडू छातीशी धरून त्याच्याकडे बघत होता.

पेनर जवळ आले. पेशंटला विचारावं तशा मऊ आवाजात म्हणाले, ‘‘कुठे दुखतंय?’’

‘‘झेल होता. मी चुकलो. डावा पाय आत होता.’’

‘‘लुमिर, आता बदललंस तर लोक काय म्हणतील माहीत आहे ना?’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘दुखायच्या आधी मला निदान सुई टोचून बधिर तरी करता येतं. तुझ्याकडे काय आहे?’’

‘‘झेल होता,’’ लुमिर म्हणाला.

पेनरनी सुस्कारा टाकला आणि दोन्ही हात वर केले. टचडाउन.

त्यानंतर जे झालं त्याला फादरनी पुढे लाउडस्पीकरवरून ‘आनंद’ असं नाव दिलं. लुमिरला लोकांनी उचललं. ज्यांचा मका त्याने निम्माच गेला असं लिहिलं होतं, त्यांनीही मिठ्या मारल्या. फादर खाली धावत आले आणि त्याच्या कानात म्हणाले, ‘‘उद्या चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला ये. प्रायश्चित्त अगदी किरकोळ देईन.’’

‘‘फादर, झेल खरा होता!’’

‘‘बरोबर. हेच म्हणत राहा.’’

हाबरमन चिडला नव्हता. ते जास्त लागलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. ‘‘मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता रे, लुमिर,’’ तो म्हणाला आणि बसकडे चालू लागला.

त्या आईच्या चित्रणात पायाच्या जागी नुसता ढोल दिसत होता. आता एकच साक्षीदार उरला होता. लुमिरने कोल्टनला बाजूला ओढलं. ‘‘सगळ्यांना सांग. पाय आत होता की नाही?’’

‘‘मला काय माहीत, आजोबा? मी डोळे मिटले होते.’’ पोराचे डोळे भरून आले. ‘‘पण तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत...’’

‘‘तुझ्यासाठी नाही केलं, गाढवा!’’

‘‘कुणाला सांगत नाही मी,’’ कोल्टन म्हणाला आणि त्याला घट्ट बिलगला.

घरी जाताना गाडी आर्डिथने चालवली. मैदानाचे दिवे मागे पडल्यावर ती म्हणाली, ‘‘मला तरी खरं सांग. होता का झेल?’’

‘‘होता, आर्डिथ. अगदी स्वच्छ होता.’’

‘‘बरं. होता.’’ तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि लग्नाच्या वर्षी बघायची तसं त्याच्याकडे बघितलं. ‘‘एकदाचा माणसात आलास बाबा.’’

आपल्या बायकोकडून इतकं कौतुक लुमिरने कधी ऐकलं नव्हतं. ते नाकारायला जेवढा सरळपणा लागतो, तेवढा त्याच्यात त्या दिवशी शिल्लक नव्हता.