एक पापुद्रा जास्त

मी स्फटिक बोलतोय. बिस्किटाएवढा, आरशासारखा घासलेला. अंगठीत बसलो असतो तर लोकांनी कौतुक तरी केलं असतं. माझ्या नशिबी आली लोखंडी टाकी, तीही हवा काढून घेतलेली.

माझं काम सांगतो. टाकीत केसाहून पातळ धातूचा पत्रा लावायचा. लेसरचा बार पडला की क्षणात त्याचा प्लाझ्मा व्हायचा, म्हणजे ताऱ्याच्या पोटात असतो तसा दाट, धगधगता वायू. त्याच क्षणी मागून क्ष-किरण सोडायचे. प्लाझ्माने त्यातले किती गिळले, ते कळावं म्हणून उरलेले मी वेगवेगळे करून फिल्मवर पसरायचो.

या एका मोजमापात, हा प्रयोग करणाऱ्या बाईंची उमेदीची वर्षं गेली. प्लाझ्मा किती किरण गिळतो याचा पुस्तकातला आकडा चुकीचा आहे, असं त्या ठामपणे म्हणत आणि लोक हसत. कधी पत्राच नीट तापायचा नाही, कधी क्ष-किरण उशिरा पोचायचे. यंत्रं सांभाळणारे मामा तेवढे टिकून राहिले. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण माझ्यावर दोघांचा जीव. उडणाऱ्या कणांनी मला ओरखडे पडू नयेत म्हणून माझ्यापुढे प्लास्टिकचा नितळ पापुद्रा लावायचा. ज्याला आधी आठवेल त्याने लावायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, एवढीच रीत.

मग प्रयोगशाळा बंद करायचं ठरलं. शेवटचा एक बार उरला, आणि नेमका त्याच दिवशी दोघांनी अबोला धरला. मामांनी पापुद्रा लावला. तो इतका नितळ की बाईंना दिसलाच नाही; जेवणानंतर त्यांनीही त्यावर दुसरा लावला. मला दिसत होतं. पण मला तोंड कुठंय?

त्या दिवशी पत्रा मनासारखा तापला. क्ष-किरण वेळेवर आले. फिल्म मात्र कोरीच निघाली.

मामांनी टाकी उघडली, पापुद्रा सोलला, तर खाली आणखी एक.

"बाई, हा तुम्ही लावलात?"

"हो. म्हटलं, रागाच्या भरात तुम्ही विसरला असाल."

"मी कधी विसरलोय?"

बाईंनी कोरी फिल्म पुन्हा उजेडात धरली. एका पापुद्र्यातून जेमतेम पार होणारे किरण दोन्हींतून काय येणार!

"मामा, आणखी एक बार मागून बघू?"

"कुणाकडे मागताय, बाई? लेसर खोलून न्यायला माणसं खाली येऊन थांबलीत."

मला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलंय. अंगावर नवा ओरखडा एकही नाही, आणि त्याची मला लाज वाटते. एकच मागणं आहे: त्या आकड्याबाबत बाई चुकल्या, असं कुणी म्हणू नका. त्या बरोबर होत्या, असंही कुणाला म्हणता यायचं नाही. ते आता कधी कळणारच नाही.