पंच्याखाली घेतलेलं घड्याळ

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तरची, दुष्काळातल्या चैत्री पौर्णिमेची. त्या वर्षी येरमाळ्याच्या जत्रेला माणसं आली, पण जनावरांचा बाजार भरला नाही म्हटलं तरी चालेल. चारा नाही तर बैल घेणार कोण? आणि नेमकं तेच माझ्या मुळावर आलं.

नर्सच्या शिक्षणाला माझा नंबर लागला होता. सोमवारी उस्मानाबादला हजर व्हायचं होतं. सामानाच्या यादीत दोन पांढऱ्या साड्या, ताट, तांब्या आणि शेवटी ‘सेकंद काटा असलेलं, चालू मनगटी घड्याळ’. नाडी मोजायला. घड्याळ नसेल तर प्रवेश नाही, असं खाली मुद्दाम लिहिलेलं. नव्या घड्याळासाठी दुकानात नाव घालून महिनोन् महिने थांबावं लागे, म्हणून जुनंच घ्यायचं ठरलं. आईनं, हरणाबाईनं, त्यासाठी दोन्ही शेळ्या विकल्या.

येरमाळ्याच्या स्टँडजवळ बलभीम घड्याळं दुरुस्त करायचा. विकायला त्याच्याकडं एकही नव्हतं, पण अक्कल त्यानं फुकट दिली.

“जत्रंत जुनी घड्याळं येत्यात, पर लई भेसळ असती बघ, अयोध्या. आधी मागचं झाकण काढायला लाव. तबकडीवर जे नाव, तेच आतल्या मशिनीवर पायजे. आकडे जाड, फुगल्यावानी दिसले की समज, वरनं रंगवलेत. आन् चालू घड्याळासंगं पंधरा मिनिटं लावून बघ. हे समदं झाल्याबिगर भाव करायला तोंड उघडू नको.”

मी ते प्रवेशाच्या पत्राच्या पाठीवर लिहून घेतलं. इतकं सोपं होतं सगळं. पण वडील नव्हते, आणि पोरीनं एकटीनं घड्याळ कसं घ्यायचं, म्हणून चुलते सोबत आले. पिराजीतात्या. तालुक्यातले नावाजलेले हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. सहा महिन्यांत त्यांच्या हातून एक सौदा झाला नव्हता. माणसाला तंबाखू न मिळाल्यावर होतं, तसं त्यांचं झालं होतं.

बंडप्पा नावाचा एक जण पोत्यावर घड्याळं मांडून बसला होता. तात्यांनी त्यातलं सगळ्यात चकाकणारं उचललं.

“निजामाच्या एका अमलदाराचं हाय,” बंडप्पा म्हणाला. “असली विलायती.”

तेवढ्यात कुणीतरी वाटेवरनं वेळ विचारली. बंडप्पानं पोत्याकडं पाहिलंच नाही. स्वतःच्या मनगटावरच्या खरचटलेल्या घड्याळात बघून त्यानं वेळ सांगितली.

मी म्हणाले, “तात्या, आधी मागचं झाकण काढायला सांगा.”

“बैल घिताना म्या त्याचं पोट फाडून बघतो व्हय गं?”

“आकडे तरी बघा.”

“थांब.” त्यांनी घड्याळाचा पट्टा ओढून पाहिला, कातड्याचा वास घेतला, घड्याळ कानाला लावलं आणि मान डोलावली. “श्वास चांगला हाय.”

मी पत्र उघडेपर्यंत त्यांनी खांद्यावरचा पंचा बंडप्पाच्या हातावर टाकला होता. बैलबाजारात भाव बोलून सांगत नाहीत, पंच्याखाली बोटं दाबून ठरवतात. दोघांचे हात आत हलत होते. तात्यांच्या चेहऱ्यावर अर्ध्या वर्षानंतर सुख दिसत होतं. आईच्या शेळ्या माझ्यादेखत पंच्याखाली गेल्या.

घड्याळ घेऊन मी तडक बलभीमकडं गेले. मागं तात्या, ताठ मानेनं. बलभीमनं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. आतली मशीन दुसऱ्याच कुठल्या तरी लहान घड्याळातली. ती हलू नये म्हणून भोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोंबलेला. सेकंद काटा नवावर आला की दम खायचा, मग उडी मारायचा.

“ह्याच्यावर नाडी मोजलीस,” बलभीम म्हणाला, “तर जित्या माणसाला मेलेला ठरवशील.”

“परत देऊन या, तात्या.”

“न्हाय. पंच्याखाली दिलेला शब्द हेडी माघारी घेत न्हाय.”

“तात्या, सोमवारी मला प्रवेश मिळणार नाही!”

“मग फुडल्या सालाला जा. माझी इज्जत काय फुडल्या सालाला मिळती का?”

मी रडले नाही. इतकी चिडले होते की रडायला जागाच नव्हती. लहानपणापासून त्यांचं बैलपुराण ऐकत आले होते, तेच उपयोगी पडलं.

“तात्या, बैल घेतला, जुंपला, आणि तो औतात खाली बसला तर?”

“बसका बैल? तो माघारी. जुंपून बघितल्याबिगर सौदा पक्का होत न्हाय. समद्या बाजाराचा कायदा हाय.”

“मग हे नवावर आलं की बसतंय.”

तात्यांनी काट्याकडं पाहिलं. तो नवावर आला आणि बसला. तात्यांचा चेहराच बदलला. खोटं घड्याळ परत करायला जे पाय तयार नव्हते, ते बसकं घड्याळ परत करायला धावत निघाले.

“ए बंडप्पा! जनावर बसकं निघालं!”

रिकाम्या बाजारात झाडाखाली बसलेले सगळे हेडी उठून आले. घड्याळातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण नियम पाठ होता. त्यांनी वाकून काटा नवावर बसताना पाहिला. एक म्हातारा म्हणाला, “बसतंय गड्या. बदलून दे.”

बंडप्पानं दुसरं चकाकतं पुढं केलं. तात्यांनी लगेच पंचा काढला. मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला.

“तुमच्या मनगटावरचं द्या,” मी बंडप्पाला म्हणाले. “वेळ सांगायला तुम्ही तेच बघता.”

“ते माझं सोताचं हाय, बाई!”

“म्हणूनच.”

हेडी हसले. पट्टा सोडताना बंडप्पाची बोटं जड झाली होती. ते मी आधी बलभीमकडं नेलं. त्यानं झाकण काढलं, नाव जुळवलं, पंधरा मिनिटं स्वतःच्या घड्याळाशी लावलं. एका सेकंदाचा फरक नव्हता.

“दिसायला कळाहीन हाय,” तात्या कुरकुरले.

सोमवारी मला प्रवेश मिळाला.

बंडप्पा पुन्हा येरमाळ्याच्या जत्रेत दिसला नाही. पुढं त्यानं स्टोव्हच्या पिना विकायला घेतल्या, असं ऐकलं. बॅटरीची घड्याळं आल्यावर बलभीमनं त्याच जागी सायकली भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आणि एकोणीसशे नव्वदनंतर तो मुलाकडं राहायला गेला. पहिल्या पगारातून मी आईला दोन शेळ्या घेऊन दिल्या. “पारखायचं शिकली न्हाईस,” म्हणून ती मरेपर्यंत बोलली, कारण एक दूधच देत नव्हती. मी सास्तूरला नोकरी केली, तिथंच निवृत्त झाले. घड्याळ अजून चालतं.

आणि तात्या? जावयानं ट्रॅक्टर घेतला, त्या वर्षी ते खाटेला लागले. मी त्यांची नाडी मोजत होते. त्यांनी डोळे उघडून घड्याळ पाहिलं.

“असली हाय. कुणी निवडलं?”

चौदा वर्षं गावभर तेच सांगत आले होते की घड्याळ त्यांनी पारखलं, आणि चौदा वर्षं माझा जीव जळत होता. आज मात्र त्यांना खरंच आठवत नव्हतं. मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

“तुम्हीच, तात्या,” मी म्हणाले. “आता बोलू नका, मोजू द्या.”