न सुटणारा तुकडा

मित्रांनो, पोस्टाच्या तिकिटाएवढा मी एक जुना तुकडा आहे. वर आणि खाली तांब्याचा पातळ पत्रा, मध्ये काजळी मिसळलेलं प्लास्टिक. यंत्रात वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली की मी तापतो आणि तिची वाट अडवतो. निवलो की पुन्हा जाऊ देतो.

एका नवरा-बायकोने घरामागच्या खोलीत मला बनवलं. तो मिश्रण करायचा, दाब द्यायचा. पत्रे तयार करून द्यायचं काम तिचं. माझ्या आधीचे तुकडे तापले की त्यांचे पापुद्रे सुटत. माझे सुटले नाहीत.

"जमलं बघ माझं मिश्रण," तो म्हणाला.

"जमलं हो. आता जेवायला चला."

पुढे माझं फार कौतुक झालं. मी ते मुकाट्याने घेतलं.

मग दोघांच्या नावाने पेटंटचा अर्ज गेला. ती आजारी पडली आणि गेली. अर्ज फेटाळला गेला, कारण असे थर आधीच कुणीतरी रचले होते. त्याने अपील केलं. निदान कागदावर तरी तिचं नाव आपल्या नावाशेजारी राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

सुनावणीत अधिकारी बाईंनी मला नखाने सोलून पाहिलं. "आधीच्या माणसाचा तुकडा सुटतो. हा का सुटत नाही?"

"मिश्रणामुळे."

"मिश्रण तर त्याचंही हेच आहे."

त्याने मला उचलून उलटसुलट करून पाहिलं. मला ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर सोबत आलेली त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, आई पत्रे पॉलिश पेपरने घासायची, ते का नाही सांगितलंत?"

"पुसायची ती. स्वच्छतेची हौस होती तिला."

"हौस कसली? खरखरीत केल्याशिवाय प्लास्टिक धरत नाही, म्हणायची. तुम्हाला सांगायला आली, तर म्हणालात, घासपूस तुझी तू बघ."

त्याने वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाले, "अर्जात ते नाही. आता नव्याने घालता येत नाही."

अपीलही फेटाळलं गेलं. घरी तो मला तळहातावर घेऊन बसतो. त्याची नजर वर येत नाही, माझीही नाही.

मित्रांनो, शेजारी बसून कुणी काही करत असेल, तर हातातलं काम थांबवून विचारा, हे कशासाठी करतेस? आणि ती सांगेल ते पुरतं ऐकून घ्या. त्याला आता ते ऐकायचं आहे.