धनराजच्या मागे लागलेला टायर

मी एक जुना टायर आहे. ट्रॅक्टरचा, मागचा, डाव्या बाजूचा. आता जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. परवा एका कुत्र्याला सांगायला घेतलं, तर त्याने अर्धवट ऐकून एक पाय वर केला आणि निघून गेला. पण मित्रांनो, ही माझ्या सुडाची गोष्ट आहे, आणि सूड पोटात ठेवला तर रबर आतून सडतं.

सध्या माझा मुक्काम अनसिंगच्या रस्त्याला, बदरुद्दीनच्या पंक्चरच्या दुकानासमोर, कडुनिंबाला टेकून. शाळा सुटली की पोरं माझ्याभोवती जमतात. बदरुद्दीनची धाकटी मुलगी दुआ तर रोजचीच. आताही ती समोर बसून बर्फाची पेप्सी चोखते आहे, आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघते आहे ती मला आवडलेली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी आणि तारा साच्यात घालून मला असं तापवलं की तो चटका मी अजून विसरलेलो नाही. मी कोणतीच गोष्ट विसरत नाही. हा माझा स्वभाव आहे.

तिथून मी हेमसिंगच्या ट्रॅक्टरला लागलो. पहिल्या दिवशी मला कुंकू लावलं, माझ्यासमोर नारळ फोडला. मग बारा वर्षं मी सोयाबीन पेरलं, तूर वाहिली, लग्नाची वऱ्हाडं नेली, पोहरादेवीच्या यात्रेला माणसं पोहोचवली. एकदा चिखलात फसलेली एसटी मी एकट्याने ओढून काढली होती. ट्रॅक्टर त्या दिवशी घरीच होता.

दुआ पेप्सी चोखायची थांबली. मी घाईने पुढे सरकलो.

हेमसिंगचा मुलगा धनराज नववीत गेला आणि माझे दिवस फिरले. ट्रॅक्टर शिकायच्या नादात त्याने मला पडलेल्या वखराच्या धारदार लोखंडी पासेवर चढवलं. माझी कूस फाटली. बाप ओरडला, तर हा म्हणतो, "बाबा, टायरच बेकार होता!" बारा वर्षांच्या इमानदारीला हे एक वाक्य. मला उकिरड्यावर फेकलं. होळी आली तेव्हा हाच पोरगा मित्रांना सांगत होता, "याले जाळू. धूर पार वाशिमपावतर जाईन." बदरुद्दीन वेळेवर आला आणि मला उचलून घेऊन गेला, म्हणून मी आज बोलतो आहे. त्या संध्याकाळीच मी धनराजचं नाव मनात कोरून ठेवलं.

आता खरी गोष्ट ऐका. गावच्या शाळेतले धम्मरत्न सर पोरांना लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तयार करतात. ही शर्यत मैदानावरची नव्हे. शेतातून, पाटाच्या कडेने, चढ-उतारावरून पळायचं असतं. शर्यती हिवाळ्यात होतात, पण सर म्हणायचे, "हिवाळ्यातली शर्यत उन्हाळ्यात जिंकावी लागते." म्हणून परीक्षा संपल्या की नांगरलेल्या शेतात सराव सुरू. त्यासाठी सरांनी मला बदरुद्दीनकडून मागून शेतात नेलं. कमरेला दोर, दोराला मी. मला ओढत ढेकळांतून जायचं आणि यायचं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं चौथ्या फेरीला आडवी झाली. मला फार बरं वाटलं.

सरांची मोजणी मात्र जगावेगळी. प्रत्येक पोराला शेतात एक पट्टा नेमून दिलेला, पट्ट्याच्या तोंडाशी खुंटी, खुंटीला ज्याच्या त्याच्या रंगाची चिंधी. पोरांनी आपापल्या सोयीने पहाटे यायचं आणि मला ओढून जायचं. सर साडेसहाला येत, मातीत उमटलेल्या रेघा मोजत, वहीत लिहीत आणि बोरीची फांदी फिरवून सगळं पुसून टाकत. "पोरगं थाप मारते," ते म्हणत, "माती कायले मारन?"

सगळ्यात आधी यायचा इमरान, बदरुद्दीनचा मोठा मुलगा, दुआचा भाई. पहाटेची फजरची नमाज झाली की थेट शेतात. सातला दुकान उघडायचं असायचं, म्हणून त्याच्याकडे वेळ कमी आणि त्याचा वेग जास्त. वीस फेऱ्या ओढायचा. माझ्याशी बोलायचाही. "चल रे म्हाताऱ्या, एक अजून." मला म्हातारा म्हटलेलं खपत नाही, पण या पोराला मी माफ केलं. वाशिमला पावसाळाभर चालणाऱ्या शिबिरासाठी सर फक्त सहा पोरं निवडणार होते. इमरानला त्या सहांत यायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं.

आणि सगळ्यात शेवटी यायचा धनराज. मला ओढायला नाही. तो यायचा, इकडेतिकडे बघायचा, इमरानची लाल चिंधी सोडून स्वतःच्या खुंटीला बांधायचा आणि आपली पिवळी इमरानच्या खुंटीला. झालं. इमरानच्या वीस रेघा धनराजच्या, आणि धनराजचा कोरा पट्टा इमरानचा. सर गेले की चिंध्या पुन्हा जागच्या जागी. बाकीच्या पोरांना दिसत होतं. पण शेत हेमसिंगचं. बोललं आणि त्याने सरावाला शेतच बंद केलं तर?

पंधरा दिवसांनी सरांनी वही उघडली.

"इमरान, तुह्या पट्ट्यात एकही रेघ नाही. झोपून राह्यतं काय घरी?"

"सर, म्या ओढला. रोज ओढला."

"मंग रेघा कुठी गेल्या? उडून गेल्या? धनराजले पाह्य. तीनशे फेऱ्या!"

धनराज मान खाली घालून लाजला. लाजता कसं येतं बघा एकेकाला! वर इमरानला म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ, तू पंक्चर काढ. तुले तेच जमते."

इमरानच्या हाताच्या मुठी झाल्या. पण तो धनराजकडे गेलाच नाही. सरांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, रविवारच्या चाचणीत मले सगळ्याइच्या मांगं उभं करा. पण पळू द्या."

सरांनी वही मिटली. "राय उभा. पयल्या सहात आला तर पाहू."

टायरला साक्षीला कोण बोलावतं? तेव्हा मी ठरवलं, आता न्याय आपणच करायचा.

पहिल्यांदा मी अवकाळी पावसाचं पाणी पोटात साठवलं, त्यात डास वाढवले आणि त्यांना धनराजच्या घराचा पत्ता दिला. तीन रात्री त्याला झोप नव्हती. पण माझं समाधान झालं नाही. माझ्या कडेखाली एक विंचू राहायचा. त्याला म्हटलं, भाडं म्हणून एवढं काम कर. तो म्हणाला, "मी लेकराबाळाचा मानूस हाय. असले धंदे मी करत नाही." अशी भित्री माणसं शेजारी असली की सूड एकट्यालाच घ्यावा लागतो.

रविवार उजाडला. सहा किलोमीटरची चाचणी. शाळेपासून पाटाच्या कडेने, नांगरटीतून, तलावाच्या बांधावर चढून परत. मी रात्रीच बांधाच्या माथ्यावर जाऊन दबा धरून बसलो होतो. सरांची शिट्टी वाजली. धनराज सगळ्यांच्या पुढे, इमरान सगळ्यांच्या मागे. धनराज बांध चढून आला, आणि मी सुटलो!

मित्रांनो, काय सांगू! त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याचं तोंड खडूसारखं पांढरं पडलं. तो पुढे, मी मागे. आम्ही बकऱ्यांच्या कळपातून गेलो, त्यातल्या दोन बकऱ्या माझ्या पोटात बसूनच पुढे आल्या. वाशिमच्या रेल्वे स्टेशनात शिरलो, तिथे उभ्या गाडीने आम्हाला आधी जाऊ दिलं. शिरपूर जैनला देवळासमोरचे यात्रेकरू बाजूला झाले, एका म्हातारबाबांनी मला हात जोडले. मी थांबून आशीर्वाद दिला आणि तरी धनराजला गाठलं! तो "बाप रे, माय गं" करत होता. मी दर वळणावर त्याला एकेका गोष्टीची आठवण करून देत होतो. ही वखराच्या पासेची! ही उकिरड्याची! ही होळीची! आणि ही, ही इमरानच्या चिंधीची! सगळं अकरा मिनिटांत. शेवटी त्याला पुन्हा शाळेसमोर आणून आपटलं. तो सरांच्या पाया पडला, म्हणाला, "सर, चिंध्या म्याच बदलल्या, पण या टायरले आवरा!" या सगळ्या गोंधळात रस्ता मोकळा झाला आणि इमरान पहिला आला. पोराने माझ्यामुळे शिबिर गाठलं.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो, जुन्या वस्तूंना लाथाडू नका. त्यांच्याकडून काम करून घेतलंत तर त्यांची आठवण ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी तुमच्याही मागे—

"झूट!"

दुआ उठून उभी राहिली. पेप्सीची रिकामी पिशवी तिने माझ्या अंगावर फेकली.

"सगळं झूट हाय! त्या इतवारी तू इथंच होता. अब्बूनं तुले शेतातून आणून तुयावर पांढऱ्या रंगानं दुकानाचं नाव लिवलं होतं, अन् रंग पुसू नये म्हून मी सकाळपासून तुयापाशी बसेल होती. तू इतकुसाबी हालला नाही! भाईनं घरी येऊन सगळं सांगतलं. धनराजच्या मांगं कोनीच नव्हतं. त्यानं एक दिवस तुले ओढला नाही, म्हून तो बांधाच्या अर्ध्या चढावरच पोट धरून खाली बसला. तीनशे फेऱ्यावाला पोरगा असा बसते काय, म्हून सरनं तिथंच त्याले इचारलं, अन् त्यानं रडत सांगतलं. अन् भाईसाठी कोनी रस्ता मोकळा नाही केला. सगळे पुढं होते, त्यानं एकेकाले मांगं टाकलं. भाई त्याच्या पायानं पयला आला! तुया नाही, त्याच्या!"